एआयचे नियम ठरवताना तत्त्वज्ञाचं काय काम?

2018 मध्ये युरोपियन कमिशनने एआयबद्दल सल्ला देण्यासाठी 52 जणांचा गट नेमला. त्यात कंपन्यांचे प्रतिनिधी होते, संशोधक होते आणि मोजके तत्त्वज्ञही होते. त्यांपैकी एक मार्क कूकेलबर्ग. एआय बनवणाऱ्यांसोबत बसून तत्त्वज्ञ नेमकं काय करतो? त्यांच्या कारकिर्दीतून हे समजून घेऊया.

कोण आहेत कूकेलबर्ग?

मूळचे बेल्जियमचे. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातून तत्त्वज्ञानात पीएचडी. 2015 पासून ते व्हिएन्ना विद्यापीठात 'माध्यमं आणि तंत्रज्ञानाचं तत्त्वज्ञान' या विषयाचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: तंत्रज्ञान हे नुसतं साधन नसतं. ते वापरता वापरता आपण जगाकडे कसं बघतो, एकमेकांशी कसं वागतो, हेही बदलतं.

रोबोटला हक्क असावेत का?

सुरुवातीला त्यांचं नाव झालं ते या प्रश्नामुळे. रोबोटला भावना आहेत का, जाणीव आहे का, यावर सगळे वाद घालत होते. 2010 च्या एका शोधनिबंधात त्यांनी प्रश्नच फिरवला. यंत्राच्या आत काय आहे, हे शोधत बसण्याऐवजी माणूस त्याच्याशी कसं नातं जोडतो ते बघा, असं त्यांचं म्हणणं. आज लोक चॅटबॉटकडे मन मोकळं करतात, तेव्हा हा मुद्दा चटकन पटतो.

52 जणांच्या गटात काय झालं?

एप्रिल 2019 मध्ये गटाने 'विश्वासार्ह एआय'साठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. माणसाचं नियंत्रण, पारदर्शकता, भेदभाव नको, अशा सात अपेक्षा त्यात होत्या. पण बंधन कुणावरच नव्हतं.

याच गटातले जर्मन तत्त्वज्ञ थॉमस मेत्सिंगर यांनी लगेच जाहीर टीका केली. 52 पैकी नीतिशास्त्राचे अभ्यासक फक्त चार, असं त्यांनी दाखवून दिलं. माणसाशिवाय जीव घेणारी शस्त्रं आणि नागरिकांच्या वागण्याला गुण देणारी 'सोशल स्कोअरिंग' यंत्रणा, अशा गोष्टींसाठी 'लाल रेषा' आखायचं ठरलं होतं. अंतिम मसुद्यात त्या फक्त 'चिंतेचे मुद्दे' म्हणून उरल्या. मेत्सिंगर यांनी याला 'एथिक्स वॉशिंग' म्हटलं. म्हणजे नैतिकतेचा नुसता मुलामा.

मग सगळं वाया गेलं का?

तसं नाही. युरोपचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 ला अमलात आला आणि 2 फेब्रुवारी 2025 पासून सोशल स्कोअरिंगवर बंदी लागू झाली. बंदी मोडली तर दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या 7 टक्के, यातली मोठी रक्कम इतका होऊ शकतो. एक लाल रेषा परत आली, तीही कायदा म्हणून.

दुसरी मात्र आली नाही. केवळ लष्करी वापराचं एआय या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे तत्त्वज्ञाने प्रश्न मांडला, तरी शेवटची रेषा राजकारणच आखतं.

कूकेलबर्ग यांचं लेखनही याच दिशेने सरकलं. 2020 चं 'एआय एथिक्स', मग 2022 मध्ये एआयच्या राजकीय तत्त्वज्ञानावर पुस्तक आणि 2024 मध्ये एआय लोकशाहीला कसं पोखरतं यावर. यंत्र चांगलं की वाईट, यावरून ते सत्ता कुणाच्या हातात, या प्रश्नाकडे आले.

आपल्या फीडशी याचा काय संबंध?

लोकशाही म्हणजे फक्त मतदान नाही, असं ते सांगतात. त्यासाठी सगळ्यांना मान्य असलेली माहिती आणि एकमेकांवर थोडाफार विश्वास लागतो. अल्गोरिदम प्रत्येकाला वेगळं जग दाखवू लागला, खरा व्हिडिओ कोणता आणि खोटा कोणता हेच कळेनासं झालं, की हा पाया खचतो.

'एआय नैतिक आहे का' हा प्रश्न त्यामुळे अर्धाच आहे. कोणतीही कंपनी 'आम्ही जबाबदार एआय बनवतो' म्हणाली, की पुढचं विचारायला हवं: नियम कुणी ठरवले, आणि मोडले तर दंड कोण करणार?