तोटीला तळ नसतो

भेट देणाराचा हेतू शुद्ध असला की भेटही आपोआप शुद्ध होते, असा एक भाबडा समज आपल्याकडे फार दिवस मुरलेला आहे. मला तो मुळीच मान्य नाही. हेतू देणाराजवळ राहतो. वस्तू घेणाराच्या घरात जाऊन बसते. ती तिथे किती जागा अडवील, काय खाईल-पिईल, कोणाकडून स्वतःला धुऊन-पुसून घेईल आणि घरातल्या माणसांच्या संध्याकाळी कोणत्या दिशेला वळवील, याचा विचार न करता जो देतो, तो आपल्या हौसेचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो.

ऐन दिवाळीत हे कडू बोलणे कशासाठी, ते सांगतो. आमच्या माकणीचा एक मुलगा पुण्यात नोकरीला असतो. शाळेत माझ्या हाताखालून गेलेला. त्याच्या धाकट्या बहिणीचा यंदा पहिला दिवाळसण. जावई सोलापूरचे. अंगठी लग्नातच झाली, घड्याळ साखरपुड्यात झाले, मोबाइल त्यांच्याकडे आपल्यापेक्षा बरा. तेव्हा आता नवे काय द्यावे? मुलाने मला विचारले, "सर, घरगुती बियरचं मशीन द्यायचं ठरवलंय. तोटी फिरवली की पेला भरला! तीन प्रकार पाहिलेत. तुम्ही सायन्स शिकवलंय, यातलं कुठलं घेऊ तेवढं सांगा."

जावयाने काही मागितलेले नाही, हे आधीच नमूद करतो. मागितले असते तर त्या मागणीला १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात वेगळे नाव आहे आणि मग मी निराळा लेख लिहिला असता. इथे देणारा आपखुशीने देतो आहे. म्हणूनच त्याच्याशी भांडण्यात अर्थ आहे.

कोणी असाही ग्रह करून घेऊ नये की मी दारूबंदीच्या व्याख्यानाला उभा राहिलो आहे. ज्याला परवडते, पचते आणि थांबता येते, अशा सज्ञान माणसाने कधीमधी बियरचा पेला घेतला तर माझी झोप मोडत नाही. माझे भांडण पेल्याशी नाही, तोटीशी आहे. आणि भांडायचे तर आधी त्या यंत्राला न्याय दिला पाहिजे.

घरगुती तोटीची यंत्रे मुख्यतः तीन जातींची. पहिल्या जातीत आपण साधी बाटली किंवा डबा आत ठेवतो. यंत्र ती बियर तोटीतून काढते आणि ध्वनिलहरींनी तिच्यावर बारीक फेस आणते. दुसऱ्या जातीत पाच लिटरचे लहान पिंप असते. त्यात हातपंपाने हवा भरली तर हवेतल्या प्राणवायूने बियर एक-दोन दिवसांत उतरते. कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी लावली तर ती पुष्कळ टिकते. तिसरी जात श्रीमंती. २००४ च्या सुमारास युरोपात अशी यंत्रे घरोघर विकायला आली. त्यांतल्या 'परफेक्ट ड्राफ्ट' नावाच्या यंत्रात सहा लिटरचे पिंप बसते, ते तीन अंश सेल्सिअसपर्यंत गार होते आणि तोटी लावल्यापासून तीस दिवस बियर चांगली राहते, असे बनवणारे सांगतात.

या गारव्याचे कारण मी वर्गात सोड्याची बाटली घेऊन शिकवीत असे. द्रव जितका थंड तितका वायू त्यात अधिक विरघळतो. पंचवीस अंशांच्या पाण्यात मावतो त्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड तीन अंशांच्या पाण्यात मावतो. म्हणून गरम पिंपाची तोटी उघडली की पेल्यात बियर थोडी आणि फेस फार. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज आपल्या मर्जीने जाते-येते. तेव्हा यंत्राची पहिली मागणी अखंड विजेची. दुसरी मागणी त्याच जातीच्या पिंपाची. दुसरे चालत नाही. आणि तिसरी मागणी धुण्याची. चांगल्या पबांत तोटीच्या नळ्या दर पंधरवड्याला धुवाव्यात असा दंडक आहे, कारण नळीत राहिलेल्या थेंबांवर जिवाणू आणि बुरशी यांची वसाहत होते. घरात ही नळी कोण धुणार, हे मी सांगायला हवे काय? ज्या घरात चहाचा कपसुद्धा पुरुष माणूस मोरीपर्यंत नेत नाही, तिथे बियरची नळी धुण्याचा मान कोणाकडे जाईल, ते प्रत्येक वाचक भगिनीला ठाऊक आहे.

आता हिशेब. सहा लिटर म्हणजे साडेसहाशे मिलिलिटरच्या नऊ बाटल्या आणि वर थोडी. तीस दिवसांत नऊ, म्हणजे साधारण तीन दिवसांना एक. "हे काही फार नाही," असे कोणी म्हणेल. कबूल. पण बाटलीचा आणि पिंपाचा स्वभाव वेगळा आहे. बाटली न उघडता कपाटात महिनेच्या महिने पडून राहते आणि कोणाला काही म्हणत नाही. उघडली तर तिला तळ असतो. तळ दिसला की माणसाला उठावे लागते आणि दुसरी उघडायची की नाही हे ठरवावे लागते. ते ठरवण्याचे अर्धे मिनिट फार मोलाचे असते. पिंप एकदा टोचले की तारीख मोजू लागते. "संपव, नाहीतर वाया जाईन," असे ते रोज बजावते. तळ डोळ्यांना दिसत नाही. पेला कितवा, हे तोटी सांगत नाही. आणि पिंप रिकामे झाले की दिवाणखान्यातले महागाचे यंत्र उपाशी उभे दिसते. दिलेली वस्तू वापरली नाही तर सासरचे काय म्हणतील? म्हणून दुसरे पिंप. पहिले पिंप मेव्हण्याने दिले. दुसरे कोणाच्या पगारातून?

यावर त्या मुलाने केलेला युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो म्हणाला, "सर, दाजी घेतात ते उघड घेतात, चोरून नाही. मशीन असलं तर बाहेर जाणार नाहीत. रात्री मोटारसायकलवर परत यायची भीती नाही. घरात घेतलेली बरी." रस्त्यावरचे अपघात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे म्हणणे पटकन पटेल. मलाही निम्मे पटले. पण घरात घ्यायला यंत्र कशाला? घरात बाटली आणता येते. बाहेरच्या दुकानाला बंद होण्याची वेळ असते, मालकाला दार लावून झोपायचे असते; घरातल्या तोटीला वेळ नाही आणि ती कोणाला 'आता पुरे' म्हणत नाही. ते म्हणण्याचे काम मग बायकोवर येते. जी मुलगी वर्षापूर्वी त्या घरात गेली, तिला आपण दिवाळसणाला पहारेकऱ्याची नोकरी भेट देतो आहोत, हे भावाच्या ध्यानात येऊ नये?

तोटीच्या बियरची कीर्ती मुळात आली कुठून, तेही पाहावे. इंग्लंड, जर्मनी, बोहेमिया इथल्या सार्वजनिक मद्यगृहांतून ती आली. तिथे पिंप लावले की गर्दी ते झपाट्याने रिकामे करते. म्हणून बियर ताजी. आपल्या राज्यात पुण्याला २००९ साली 'डूलाली' नावाने पहिले छोटे मद्यनिर्मितिगृह निघाले, तेही याच तत्त्वावर: तिथेच बनवा, तिथेच ताजी प्या. म्हणजे तोटीचा गुण गर्दीत आहे, यंत्रात नाही. घरी यंत्र आणून आपण तोटी आणतो, गर्दी आणीत नाही. मग एक तर रोज गर्दी जमवावी लागते, नाहीतर एकट्या माणसाला गर्दीचे काम करावे लागते. दोन्ही गोष्टी नव्या संसाराला सोसणाऱ्या नव्हेत.

कायद्याकडेही जरा पाहू. १९४९ चा दारूबंदी अधिनियम या राज्यात आजही जिवंत आहे. मद्य विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो आणि बियरसाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. भेटीच्या खोक्यावर रंगीत फीत बांधताना हे कोणी वाचीत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, आपल्या राज्याने बायकांच्या हाती एक अधिकार दिलेला आहे. गावातल्या महिलांनी रीतसर मागणी केली तर दारूच्या दुकानावर मतदान होते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. गावच्या वेशीवरच्या दुकानाबद्दल बाईचे मत विचारावे आणि तिच्या स्वयंपाकघरात तोटी बसवताना विचारू नये, हा कुठला न्याय? त्या मुलाला मी विचारले, "ताईला विचारलंस का?" तो म्हणाला, "सरप्राइज आहे ना सर!"

आणि तोटी या शब्दाचे आमच्या भागात काय मोल आहे! निम्न तेरणेचे धरण आमच्या माकणीलाच आहे. तरी पावसाने पाठ फिरवली की बायका घागरी घेऊन तोटीकडे डोळे लावतात. २०१६ चा एप्रिल आठवा. शेजारच्या लातुराला मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी आधी पन्नास आणि नंतर साठ टक्क्यांनी तोडण्याचा आदेश दिला. सहा लिटर बियरने तेरणा आटणार नाही, हे मला कळते. आमचा ऊस तिच्याहून कितीतरी तहानलेला आहे. पण ही हकीकत ऐकून आमच्या शेजारच्या म्हातारीने जे म्हटले ते मला खोडता आले नाही: "नळाला पाणी येईना, अन् ह्यास्नी बियरचा नळ पायजे!"

मग द्यावे काय? टीका करणाराने एवढे सांगितलेच पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे दिवाळसण एकट्या जावयाचा नसतो; तो दोघांचा असतो. दोघांना जी वस्तू वापरता येईल, जिची झीज दोघांच्या हाताने होईल, ती द्यावी. जावयाला बियरचीच आवड असेल आणि तुम्हांला तीच पुरवायची असेल, तर दोन चांगले काचेचे पेले द्या. त्यांत सरबतही घेता येते, ताकही घेता येते. पुण्याला बोलावून दोघांना एक संध्याकाळ बाहेर जेवायला न्या. तोटीची ताजी बियर जिथे खरोखर ताजी असते तिथे एक पेला पाजा आणि येताना रिक्षाने या. संध्याकाळ संपेल, आठवण राहील, नळी धुवावी लागणार नाही.

वाचकहो, या दिवाळीत आपण सारेच काही ना काही देणार आहोत. खोक्यावरची किंमत, चकाकी, हमीपत्र यांच्या आधी एक प्रश्न विचारा: ही वस्तू घेणाराला "आज नको" म्हणता येईल काय? पुस्तकाला म्हणता येते, लुगड्याला म्हणता येते, सायकलीला, पेल्याला, इतकेच काय मिठाईच्या डब्यालाही म्हणता येते. जिला तसे म्हणता येत नाही, जी रोज आपला हप्ता मागते आणि दिला नाही तर दिवाणखान्यात तोंड फुगवून उभी राहते, ती रंगीत कागदात गुंडाळलेली सावकारी आहे. लेकीच्या घरी सावकार धाडू नये.