मानेतील नस आणि बातमीतील चमत्कार

दर काही आठवड्यांनी देशातील कुठल्या ना कुठल्या मोठ्या शहरातून तीच बातमी येते. शहर बदलते, रुग्णालय बदलते, मजकूर तसाच राहतो. वर्षानुवर्षे डोकेदुखीने गांजलेली एक व्यक्ती, थकलेली औषधे, आणि मग मानेतील नसेवर 'पल्स्ड रेडिओफ्रीक्वेन्सी'चा उपचार: ना टाके, ना कापाकापी, संध्याकाळी रुग्ण घरी. सोबत हसऱ्या रुग्णाचे आणि पुष्पगुच्छाचे छायाचित्र. सहा महिन्यांनी त्या डोक्याचे काय झाले, हे विचारायला मात्र कोणी वार्ताहर सहसा परत जात नाही.

हा आजार खोटा नाही, हे आधी स्पष्ट असावे. मानेतून उगम पावणाऱ्या डोकेदुखीला 'सर्व्हायकोजेनिक हेडेक' हे नाव नॉर्वेचे मज्जातंतुतज्ज्ञ ओट्टार स्यास्ताद यांनी १९८३ मध्ये रूढ केले. मानेच्या वरच्या तीन मणक्यांलगतच्या नसा आणि चेहऱ्या-कपाळाची संवेदना वाहणारी नस यांचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे दुखणे मानेच्या सांध्यात असते आणि कळ उठते ती डोळ्यामागे. रुग्णाला वेड लागलेले नसते, तो नाटकही करीत नसतो. त्याची वेदना खरी आहे, आणि म्हणूनच तिच्या नावावर काय विकले जाते हे तपासणे अधिकच गरजेचे ठरते.

जुनी पद्धत सुईच्या टोकाशी सुमारे ८० अंश सेल्सियस उष्णता निर्माण करून वेदनेची नस भाजून टाकते. स्पंदित पद्धत नेदरलँड्सच्या मेनो स्लाउटर आणि सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस मांडली. तीत विद्युतप्रवाह २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, सेकंदाला साधारण दोनदा सोडला जातो आणि तापमान ४२ अंशांवर जाऊ दिले जात नाही. नस जळत नाही, हे तिचे आकर्षण. मग वेदना कमी का होते? याची उत्तरे अनेक सुचवली गेली आहेत. सर्वमान्य असे एकही नाही. बातमीत मात्र 'नसेचे रीसेटिंग' असा शब्द आत्मविश्वासाने छापला जातो, जणू नस म्हणजे बंद पडलेला मोबाइल.

आता पुरावा. मोटार-अपघातानंतरच्या जुनाट मानदुखीवर नस भाजण्याची पद्धत १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात २४ रुग्णांवर तपासली गेली. निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांना सुई तशीच घालून केवळ देखावा. वेदना निम्म्याच्या वर परतण्यास खऱ्या गटात मध्यमानाने २६३ दिवस लागले, देखाव्याच्या गटात ८. हा भक्कम निकाल आहे. पण तो भाजण्याच्या पद्धतीचा आहे, काटेकोरपणे निवडलेल्या रुग्णांचा आहे आणि मानदुखीचा आहे. तीच भाजण्याची पद्धत मानेतून येणाऱ्या डोकेदुखीवर २००४ मध्ये नॉर्वेत १२ रुग्णांवर देखाव्याशी ताडून पाहिली, तेव्हा टिकाऊ लाभ दिसला नाही. स्पंदित पद्धतीच्या बाजूने सांगितला जाणारा २०११ चा चेक अभ्यास ३० रुग्णांचा, २०१५ चा अमेरिकी अभ्यास ८१ रुग्णांचा. दोन्हींत ती स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली, पण देखाव्याच्या उपचाराशी तुलना दोन्हींत नव्हती. शिवाय अमेरिकी अभ्यासातील रुग्ण डोक्याच्या मागील नसेच्या दुखण्याचे आणि अर्धशिशीचे होते. या पुराव्याला आशादायक म्हणता येते. 'सिद्ध' म्हणता येत नाही.

यावर नेहमीचा प्रतिवाद येतो: रुग्णाला बरे वाटले ना, मग पुरे. हा युक्तिवाद दयाळू वाटतो आणि घातक आहे. जुनाट दुखणे चढ-उताराने चालते. माणूस सुईखाली जातो तो दुखणे शिखरावर असताना, आणि शिखरानंतर उतार येतोच. त्यात भुलीची खोली, क्ष-किरणाचे यंत्र आणि मोजलेली रक्कम यांचा विश्वास मिसळतो. मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याचा उपचार जगभर असाच 'बरे वाटते' या भांडवलावर पसरला होता. २००९ मध्ये दोन चाचण्यांनी त्याची तुलना देखाव्याशी केली आणि दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

त्याहून मोठी पडझड निदानात होते. उत्तर भारतात 'सर्वाइकल' हे आता आजाराचेच नाव झाले आहे. आपल्याकडे 'मानेचा स्पॉन्डिलायटिस' म्हटले की चर्चा संपते. एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसली, की डोकेदुखीचे कारण सापडले! जपानमध्ये कोणताही त्रास नसलेल्या १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्क्यांमध्ये चकती फुगलेली निघाली. म्हणून केवळ चित्रावरून सुई टोचणे म्हणजे अंधारात दगड मारणे. आधी संशयित नस भुलीच्या औषधाने तात्पुरती बधिर करून पाहावी लागते. वेदना थांबली तरच पुढचा विचार. ही पायरी गाळली, तर अर्धशिशीचा रुग्ण मानेचा म्हणून टेबलावर येतो. महिन्यातून १५ वा अधिक दिवस वेदनाशामक गोळ्या खाऊन त्या गोळ्यांनीच डोके दुखवून घेतलेला रुग्णही येतो, आणि त्याला खरी गरज गोळ्या सोडविण्याची असते.

आणि ज्या उपायाची बातमी कधीच होत नाही तो कोणता? व्यायाम. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात याच डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम आणि हाताने केलेले सांध्यांचे उपचार यांचा लाभ वर्षभर टिकला. पण फिजिओथेरपिस्टच्या हातात उद्घाटन करण्याजोगे यंत्र नसते.

या विषयात देश हतबल नाही. वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून खुली आहे. उपचारतंत्रांचे मूल्यमापन करणारी यंत्रणा केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच बजावले, की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके आणि पर्याय रुग्णाला समजले पाहिजेत. मग ज्या रुग्णालयांत हे यंत्र रोज चालते, त्यांनी आपले रुग्ण एकत्र करून देखाव्याशी तुलना करणारी एक मोठी चाचणी नोंदवावी. रुग्णसंख्येच्या बाबतीत या देशाला बारा जणांवर भागवण्याची वेळ नाही. तोवर संमतिपत्रावर मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये एक ओळ ठळक छापावी: या उपचाराचा लाभ अद्याप पुरेसा सिद्ध झालेला नाही, आणि वेदना परत येऊ शकते. आणि वार्ताहरांनी पुष्पगुच्छाच्या छायाचित्राखाली त्या रुग्णाला पुन्हा फोन करण्याची तारीख लिहून ठेवावी.