मुक्या सोबत्याची भाषा

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आम्हांस आलें. मुलांच्या हट्टास्तव त्यांनीं कुत्र्याचें पिलूं घरांत आणलें, त्यास आतां सहा महिने झाले. अन्न वेळेवर मिळतें, गळ्यांत चांगला पट्टा आहे, निजावयास मऊ घडी आहे; परंतु 'तो आमच्या घरांत राहतो, आमचा मात्र झालेला नाहीं,' असें त्या लिहितात. हांक मारली तर कधीं येतो, कधीं येत नाहीं. मुलें जवळ घेऊं लागलीं कीं अंग चोरतो. आपलें काय चुकतें, असा त्यांचा प्रश्न आहे.

हें पत्र वाचतांना आम्हांस थोडें ओशाळल्यासारखें झालें. कारण हाच प्रश्न एके काळीं आमच्याही घरीं उभा राहिला होता, आणि त्याचें जें उत्तर मिळालें तें आम्हांस शोभणारें नव्हतें. तें आज वाचकांपुढें ठेवावयाचें योजिलें आहे.

कुत्र्याचें आणि आपलें नातें फार जुनें आहे, व थोडें विचित्रही आहे. ऋग्वेदांत देवांच्या सरमा नामक शुनीची कथा आहे. बरोबर आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत येण्याचें धर्मराजानें नाकारलें, ही महाप्रस्थानिक पर्वांतील कथा आपण मुलांस कौतुकानें सांगतों. दत्तगुरूंची तसबीर चार कुत्र्यांवांचून पुरी होत नाहीं. वैश्वदेवाच्या वेळीं कावळ्याप्रमाणें कुत्र्याचाही भाग काढून ठेवण्याची चाल होती. परंतु या सर्व आदरांत कुत्र्याची जागा उंबरठ्याबाहेरचीच. त्यानें राखण करावी व उरलेंसुरलें खावें. त्याचें म्हणणें समजून घेण्याची गरज सहसा कोणास भासली नाहीं. आतां तो उंबरठा ओलांडून आंत आला आहे. पण त्याजविषयींची आपली समजूत अजून अंगणांतच राहिली आहे.

आमचा मोत्या गांवठी जातीचा. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. आमच्या मातोश्रींचें सोवळें कडक. मोत्यानें स्वयंपाकघर व देवघर यांचा उंबरठा ओलांडावयाचा नाहीं, असा पहिल्याच दिवशीं नियम झाला, व घरांतील सर्वांनीं तो सारखा चालविल्यामुळें मोत्यानेंही तो पाळला. सायंकाळीं मातोश्री देवापुढें बसून आमच्या कैलासवासी वडिलांच्या हातची पदांची वही वाचीत, तेव्हां तो उंबरठ्याबाहेर पुढच्या पंजांवर हनुवटी टेकून पडून राही. मातोश्रींनीं त्यास कधीं हात लावला नाहीं. पण पोळीचा तुकडा त्याच्या ताटलींत टाकावयास त्या कधीं विसरल्याही नाहींत.

एके दिवशीं आम्ही सर्वजण लग्नास गेलों होतों. रात्रीं परत येऊन दार उघडतों तों वहीचीं पानें देवघरापासून माजघरापर्यंत विखुरलेलीं, कित्येकांच्या चिंध्या झालेल्या, आणि कोपऱ्यांत मोत्या! आम्ही मोठ्यानें ओरडतांच त्यानें कान मागें पाडले, मान वळविली, शेपूट पोटाखालीं घेतलें व तो जमिनीशीं चिकटून बसला. आम्हांस वाटलें, याहून निराळा पुरावा तो कोणता पाहिजे? हातांतील छत्रीनें आम्हीं त्यास दोन-तीन तडाखे दिले. तो केकाटला नाहीं. मुकाट्यानें पलंगाखालीं जाऊन बसला.

मातोश्री पानें गोळा करीत होत्या. मान वर न करितां त्यांनीं विचारलें, "मारलंस खरं, पण वही यानंच फाडली हें कशावरून?"

"त्याचं तोंडच सांगतंय, आई."

"तोंड तुझ्या रागाचं सांगतंय. वहीचं नाहीं सांगत. वही देवघरांत होती. तो आजवर कधीं आंत गेलाय?"

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं झाडलोट करतांना फडताळामागची जुनी पेटी हलविली, तों तिच्या पाठीमागें कागदाच्या कातरणाचें घरटें व त्यांत उंदराचीं पांच डोळे मिटलेलीं पिलें निघालीं. कातरणावर वडिलांचें अक्षर होतें. जुन्या वह्यांच्या बांधणीस पिठाची खळ लावलेली असते व तिच्या वासानें उंदीर येतात, ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती असें नाहीं. त्या रात्रीं ती आठवली नाहीं, इतकेंच.

माणसाची क्षमा मागतां येते. मोत्याची कोणत्या भाषेंत मागावी? आम्ही जवळ गेलों कीं तो उठून दुसऱ्या खोलींत जाई. छत्री खुंटीवरून काढली कीं त्याचें अंग थरथरे. खाणें तो खाई, राखणही करी. पण आमच्या पायाशीं येऊन बसण्याचें त्यानें सोडून दिलें.

पुढें आमच्या वाचनांत एक प्रयोग आला. अमेरिकेंतील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषीनें तो २००९ सालीं प्रसिद्ध केला. मालकानें खाऊ दाखवून 'खाऊं नको' असें बजावावयाचें व खोलीबाहेर जावयाचें. मागें कुत्र्यानें तो खाल्ला कीं नाहीं, याची बातमी मालकास कधीं खरी, कधीं खोटी द्यावयाची. अशा रीतीनें १४ कुत्रे पाहिले. ज्या मुद्रेस आपण अपराधी मुद्रा म्हणतों तिचा अपराधाशीं कांहींच संबंध आढळला नाहीं. मालक रागें भरला कीं ती दिसे. किंबहुना ज्यांनीं खाऊस तोंड लावलें नव्हतें अशांस रागावलें असतां ती अधिकच दिसून आली! पाडलेले कान व पोटाखालचें शेपूट यांचा अर्थ 'मीं केलें' असा नसून 'तुम्ही रागावलां आहां, मला इजा करूं नका' असा आहे. मातोश्रींनीं हा प्रयोग वाचला नव्हता. त्यांनीं फक्त मोत्याकडे नीट पाहिलें होतें.

तात्पर्य, आपण कुत्र्यास आपली भाषा शिकवावयास निघतों, पण त्याची भाषा शिकत नाहीं. जवळीक अडते ती येथें. ही भाषा तोंडाची नव्हे, सर्व अंगाची आहे. झोंप आलेली नसतां दिलेली जांभई, अन्न समोर नसतां ओठांवरून फिरविलेली जीभ, वळविलेली मान, डोळ्याच्या कडेस दिसणारा पांढरा भाग, या सर्वांचा अर्थ 'मला अवघड वाटतें' असा असतो. शेपूट हलतें म्हणजे आनंदच, हाही भ्रम आहे. सैल अंगानें हलणारें शेपूट निराळें व ताठ उभें राहून थरथरणारें निराळें. मुलें प्रेमानें त्याच्या गळ्यास मिठी मारतात. ती त्यास बहुधा बंधनासारखी वाटते. डोक्यावरून हात नेण्यापेक्षां बाजूस बसून छातीवरून हात फिरवावा, व मध्येंच हात थांबवून पाहावें. तो पुढें सरकला तर त्यास हवें आहे. सरकला नाहीं तर पुरे. तो खात असतां किंवा झोंपला असतां त्यास हात लावावयाचा नाहीं, हा नियम मुलांस प्रथम शिकवावा.

आपली भाषा त्यास मुळींच कळत नाहीं, असें मात्र नाहीं. बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांनीं १३ कुत्र्यांस मेंदूचें चित्र घेणाऱ्या यंत्रांत न बांधतां स्वस्थ पडून राहण्यास शिकविलें, व २०१६ सालीं असें दाखवून दिलें कीं, शाबासकीचे शब्द शाबासकीच्याच स्वरांत उच्चारले असतां मेंदूचा सुख मानणारा भाग जागा होतो; नुसता गोड स्वर वा नुसता शब्द पुरत नाहीं. म्हणून शब्द एकच असावा व घरांतील सर्वांनीं तोच वापरावा. आमच्या घरीं एक जण 'बस' म्हणे, दुसरा 'खालीं बैस', व चिरंजीव 'सिट'. मोत्या तिघांच्या तोंडाकडे पाहात उभा राही, आणि आम्ही त्यास हट्टी म्हणत असूं. बरें केलें कीं तत्क्षणीं गोड शब्द व चिमूटभर खाऊ द्यावा. शिक्षेनें तो एवढेंच शिकतो कीं, या माणसाचा भरंवसा नाहीं. घडून गेलेल्या गोष्टीची शिक्षा तर त्यास कळतच नाहीं.

फिरावयास नेणें हें आपणांस काम वाटतें. त्याच्या दिवसाचा तोच मोठा भाग असतो. आपलें जग डोळ्यांचें, त्याचें नाकाचें. एखाद्या खांबापाशीं तो थांबला कीं आपण दोरी ओढतों. म्हणजे वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थाच्या हातून पान हिसकावून घेतों. रोज निदान दहा मिनिटें त्याच्या मर्जीनें चालावें.

डोळ्यांचीही भाषा आहे. जपानांतील अझाबु विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, कुत्रा आपल्या माणसाकडे बराच वेळ पाहात राहिला असतां दोघांच्याही शरीरांत ऑक्सिटोसिन हें द्रव्य वाढतें. आई व तान्हें मूल यांच्या जवळिकेशीं संबंध असलेलें द्रव्य तें हेंच. माणसांनीं वाढविलेल्या लांडग्यांत असें आढळलें नाहीं. परंतु ही नजर त्यानें आपण होऊन द्यावयाची असते. परक्या कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहिल्यास तें त्यास आव्हान वाटतें, हें मुलांस अवश्य सांगावें.

आतां थोडें आरोग्याविषयीं. कारण अज्ञानानें केलेला लाडही घातक होतो. प्रसादाच्या शिऱ्यांतील बेदाणे व मनुका, द्राक्षें, कांदा, लसूण व चॉकलेट हीं कुत्र्यास विषासमान आहेत. उष्णता बाहेर टाकण्याचें त्याचें मुख्य साधन म्हणजे धांपणें. म्हणून उन्हाळ्यांत त्यास पहांटे वा सूर्यास्तानंतर न्यावें, व रस्त्यावर आपल्या हाताची पाठ टेकवून चटका बसतो कीं काय तें आधीं पाहावें. आपल्यास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो, त्यास सुमारें ४५,००० पर्यंतचा; दिवाळींत त्यास आंतल्या खोलींत ठेवून घरांतील कोणी तरी जवळ बसावें. पिसाळ रोगाची लस पशुवैद्याच्या सल्ल्यानें न चुकतां द्यावी. कोणाही कुत्र्याचा दांत लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून लगेच डॉक्टरांकडे जावें; घरच्याच पिलाचा दांत म्हणून हयगय करूं नये.

माणसांची व आवाजांची ओळख होण्यास पिलाच्या वयाचा तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतचा काळ उत्तम असतो. तो निघून गेला म्हणून निराश होऊं नये. मात्र मग धीर अधिक लागतो. आमचा मोत्या तर चांगला वाढलेला होता, व त्यास जी ओळख विसरावयास लावावयाची होती ती आम्हींच करून दिलेली होती.

त्यास दीड महिना लागला. सायंकाळीं मातोश्री वाचावयास बसल्या कीं आम्ही उंबरठ्याबाहेर, त्याच्यापासून चार हातांवर, त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसूं लागलों. हांक मारावयाची नाहीं, हात पुढें करावयाचा नाहीं, असें ठरविलें होतें. पहिले कित्येक दिवस तो उठून जाई. नंतर जाईनासा झाला. पुढें पाऊस आला. छत्री अडगळींत टाकली असतां काम भागलें असतें, पण घरांत छत्री येणारच. म्हणून ती मिटलेली जमिनीवर ठेवून तिच्याभोंवतीं पोळीचे तुकडे ठेवूं लागलों. तिच्यापासून दूरचा तुकडा त्यानें पहिल्याच दिवशीं उचलला. अगदीं जवळचा उचलावयास त्यास अठरा दिवस लागले.

एके दिवशीं वाचन चाललें असतां आमच्या पावलावर कांहीं ऊन ऊन टेकलें. मोत्याची हनुवटी होती. आम्ही हाललों नाहीं. मातोश्रींनीं वहीवरून दृष्टि काढून एकदां त्याच्याकडे व एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि पान उलटलें. पुढचें पान नव्हतेंच. तें उंदरांनीं नेलेलें. तेवढें पद त्यांनीं पाठ म्हटलें.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमचें सांगणें एवढेंच कीं, आठ दिवस त्यास कांहीं शिकवूं नये. मुलांच्या हातीं एक वही द्यावी. त्यानें जांभई केव्हां दिली, मान केव्हां वळविली, आपण होऊन कोणाजवळ व कोणत्या वेळीं आला, हें त्यांनीं रोज लिहून ठेवावें. आठव्या दिवशीं सर्वांनीं मिळून ती वही वाचावी. आपलें काय चुकतें हें बहुधा त्या वहींतच सांपडेल. न सांपडल्यास आम्हांस पुन्हां अवश्य लिहावें. मात्र वही सोबत पाठवावी.