शेवया आणि शेव

गेल्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही वाण्याची यादी केली. साखर, खोबरे, चारोळी, खजूर आणि सर्वांत खाली शेवया. मुलाने सामान आणले, बेगमने पिशवी ओट्यावर रिकामी केली, तर शीरखुर्म्यासाठी अर्धा किलो तिखट शेव! वाण्याची काही चूक नव्हती. ‘शेवया’तला ‘या’ इतका बारीक उतरला होता, की त्याला तो पूर्णविराम वाटला.

पार्किन्सनमध्ये हात थरथरतो हे सगळ्यांना ठाऊक असते. अक्षर आटते हे फारसे कुणाला माहीत नसते. मेंदूत डोपामिन कमी पडले की हालचाली लहान होत जातात. आपण ऐसपैस लिहितोय असेच लिहिणाऱ्याला वाटते आणि ओळ हत्तीने सुरू होऊन मुंगीने संपते. हात कापू लागण्याच्या वर्षभर आधीच आमचे अक्षर आटू लागले होते. आम्ही चष्मा बदलून आलो!

३५ वर्षे मास्तरकी करताना मुलांच्या वह्यांवर लाल शाईने ‘अक्षर सुधारा’ लिहिले. आता नातू आमच्या यादीखाली तोच शेरा मारतो. मारू दे.

बँकेत मात्र हसू आले नाही. सही जुळेना म्हणून चेक परत आला. खिडकीतला मुलगा अदबीनेच म्हणाला, “चाचा, अंगठा देता का?” साक्षरता वर्गात कित्येकांचा अंगठा सोडवून आम्ही त्यांना सही शिकवली होती. त्या रात्री जेवण गेले नाही. बेगमने ताट झाकले आणि म्हणाली, “अंगठा तरी मोठा उमटला ना?” मग जेवलो.

डॉक्टरांनी दुरेघी वही सांगितली. गोळीचा असर असताना लिहायचे आणि प्रत्येक शब्दाआधी मनात म्हणायचे, ‘मोठं’. नातू मोबाईलवर मुहम्मद अली दाखवतो. १९९६ साली अटलांटात त्यांनी थरथरत्या हातांनी ऑलिम्पिकची ज्योत पेटवली. आम्ही म्हणतो, “बेटा, तिथे त्यांना रकान्यात सही करायची नव्हती.”

आम्हाला होती. भाचीच्या निकाहात साक्षीदार म्हणून आमचे नाव होते. काझीसाहेबांनी निकाहनामा पुढे सरकवला. सगळे हाताकडे बघत होते. नातू कानाशी कुजबुजला, “दादा, मोठं काढा.” आम्ही काढले. इतके मोठे, की दुसऱ्या साक्षीदाराला सहीसाठी जागा शोधावी लागली.