टीव्ही झकास दिसतो, मग नेटच का जातं? बिघाड बहुतेक वेळा घरातल्या जुन्या वायरीत

गोंदिया : एकाच केबलच्या वायरीवर टीव्ही झकास चालतो, नेट मात्र घडीघडी तुटतं. केबलवाला येतो, मीटर लावून बघतो आणि सांगतो, "आमची लाईन ओके आहे." घरचे म्हणतात, "मग पैसे कशाचे घेता?" गंमत अशी की दोघंही खोटं बोलत नसतात. भांडण ज्या आठ-दहा मीटर वायरीचं असतं, ती भिंतीतून आत आल्यावर कोणाच्याच हिशोबात नसते. केबलवाल्याची जबाबदारी दारापर्यंत आणि घरमालकाचं लक्ष मोडेमच्या लाईटवर!

पूर्वी हे खपून जात होतं. आता पीएम-किसानची ई-केवायसी, महाडीबीटीवरचा औजारांचा अर्ज, पोरांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, सारं नेटवर आलं आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलाकडच्या गावांत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, तिथे वायरीचं नेट हाच भरवशाचा रस्ता. शेवटच्या तारखेच्या रात्री ते गेलं तर सकाळी गाडीत पेट्रोल टाकून तालुक्याच्या सेवा केंद्रावर रांग लावावी लागते.

टीव्ही चालतो आणि नेट चालत नाही, यामागचं कारण साधं आहे. टीव्ही फक्त ऐकतो, मोडेम बोलतोही. टीव्हीचा सिग्नल एकाच दिशेने घरात येतो. मोडेमला मात्र तुमचं बोलणं त्याच वायरीतून परत पाठवावं लागतं, आणि हा परतीचा सिग्नल टीव्हीच्या चॅनलपेक्षा बऱ्याच खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. जुन्या टीव्ही सॉकेटपैकी काहींच्या आत असा फिल्टर असतो की तो हा परतीचा रस्ताच अडवतो. शिवाय सैल जोडातून मोटारपंपाचा, मिक्सरचा, वेल्डिंगचा खरखराट वायरीत घुसतो आणि उलटा केबलवाल्याच्या लाईनवर चढतो. एका घरच्या टेप गुंडाळलेल्या जोडामुळे आख्ख्या गल्लीचं नेट मंदावू शकतं. शेजाऱ्याच्या तक्रारीचं मूळ आपल्या घरात असू शकतं, हे कोणी सांगत नाही.

केबल टीव्ही डिजिटल करण्याच्या चौथ्या टप्प्याची, म्हणजे ग्रामीण भागाची, शेवटची मुदत 31 मार्च 2017 होती. तेव्हा घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. बॉक्स नवा आला, वायर बहुतेक ठिकाणी तीच राहिली, आणि त्याच वायरीला पुढे मोडेम जोडला गेला.

त्यात आपल्याकडची घरं. कवेलूच्या छपराखालून ओढलेली वायर उंदीर कुरतडतात, बाहेर लोंबणाऱ्या वायरीला माकडं झोंबतात. पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की वरून वायर चांगली दिसते, पण आतली जाळी काळी-हिरवी पडलेली असते. अशी वायर सुकवून चालत नाही, तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो.

बिघाड आत की बाहेर, हे ठरवायला तंत्रज्ञ लागत नाही. वायर घरात जिथून शिरते तिथे मोडेम न्यायचा, मधला स्प्लिटर आणि भिंतीवरचा सॉकेट वगळून थेट जोडायचा आणि तासभर चालवून बघायचा. तिथे नेट टिकलं तर दोष आतल्या वायरीत. तिथेही तुटलं तर केबलवाल्याला बोलवा आणि हे सारं त्याच्यासमोर करून दाखवा, मग "लाईन ओके" म्हणणं त्याला जड जाईल. बाहेरची लाईन विजेच्या खांबावरून आली असेल तर तिला मात्र हात लावू नका. वायरीच्या जाळीला झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियन.

आतली वायर बदलायची तर आरजी-6 घ्यावी आणि मोडेमपर्यंत एकच अखंड तुकडा न्यावा. टीव्हीही चालवायचा असेल तर आत शिरतानाच एक दोन-तोंडी चांगला स्प्लिटर लावावा, एक तोंड थेट मोडेमला. दोन-तोंडी स्प्लिटर सिग्नल निम्मा करतो, त्यामुळे एकामागे एक तीन लावले की मोडेमच्या वाट्याला काय उरणार? टोकाला दाबून बसवायचा एफ-कनेक्टर हवा. हाताने फिरवून घातलेला कनेक्टर काही महिन्यांत ढिला होतो. मधली तार सरळ असावी आणि बाहेरच्या जाळीचा एक केसही तिला लागू नये. भिंतीतला जुना सॉकेट गंजला असेल तर बदलावा, नाहीतर काढूनच टाकावा, कारण जोड जितके कमी तितकी कटकट कमी. लाईटच्या वायरीच्या पाईपातून ही वायर नेऊ नये. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवावं आणि त्याआधी वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं.

आणखी एक, आणि आपल्या जिल्ह्यात हे महत्त्वाचं. आकाश गडगडायला लागलं की मोडेमचा अडॅप्टर आणि केबलची वायर दोन्ही काढून ठेवावं. नुसतं बटण बंद केल्याने तांब्याच्या वायरीतून येणारा झटका थांबत नाही.

फायबर आलं की ही भानगड संपेल, असं सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. काचेच्या धाग्यातून विजेचा झटका येत नाही आणि पाण्याने जाळी सडण्याचा प्रश्नही नाही. पण घरात येणाऱ्या फायबर केबलला आधारासाठी पोलादी तार असते, ती बाहेरच कापून थांबवावी लागते. जुन्या टीव्ही सॉकेटचा फायबरला काही उपयोग नाही. हाताच्या बांगडीपेक्षा लहान वळण दिलं की उजेड गळतो आणि बॉक्सवर लाल लाईट लागते. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्याला जोडायचा नाही, आणि त्या टोकात डोळा लावून बघायचं तर अजिबात नाही. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही.

केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. खर्च 1 लाख 39 हजार कोटी रुपयांचा, आणि ग्रामीण भागात दीड कोटी घरांना फायबर देण्याचं उद्दिष्ट. गावातल्याच उद्योजकाने जोडणी द्यायची आणि देखभाल करायची, अशी रचना त्यात आहे. हा माणूस गावचाच असल्याने हाक मारली की येईल, ही जमेची बाजू. पण भिंतीच्या आतलं काम त्याचं की घरमालकाचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं नाही तर कोॲक्सचं भांडण फायबरवर चालू राहील. जोडणी घेताना पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : वायर कुठून आत येणार, आतलं काम कोणी केलं, आणि ती तुटली तर पैसे कोण देणार. लिहून द्यायला कोणी नकार दिला किंवा नंतर टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915 आहे.