राजसाहेब, जाब सत्तेला विचारा

मा. राजसाहेब ठाकरे,
अध्यक्ष, महाराष्ट्र नवनिर्माण सेना,
शिवतीर्थ, दादर, मुंबई.

दुबई, सप्टेंबर २०२५



पहिलीपासून हिंदी आणणारे शासन निर्णय सरकारने २९ जूनला मागे घेतले आणि ५ जुलैला वरळीच्या डोममध्ये आपण व उद्धवजी ठाकरे एका व्यासपीठावर आलात. त्या दिवशी इथल्या आपल्या समर्थकांनाही वाटलं, की आता दिवस पालटणार. मग १८ ऑगस्टला बेस्ट कर्मचाऱ्यांच्या पतपेढीची निवडणूक झाली आणि दोन्ही ठाकरेंच्या एकत्रित पॅनेलला २१ पैकी एकही जागा मिळाली नाही. पतपेढीची निवडणूक म्हणजे महाराष्ट्राचा कौल नव्हे, हे मान्य. पण तिथे मतदार होता मुंबईचा मराठी कामगार, म्हणजे ज्याच्यासाठी आपला पक्ष आहे तोच माणूस. वरळीत टाळ्या वाजवणाऱ्या आणि पतपेढीत दुसऱ्याला मत देणाऱ्या या माणसाच्या मनात काय चाललं आहे, त्याविषयी हे पत्र आहे. महापालिकांच्या निवडणुका तोंडावर आहेत, म्हणून ते आत्ताच लिहायला हवं.

९ मार्च २००६ ला पक्ष स्थापन झाला. २००९ च्या विधानसभेत १३ आमदार आले. २०१२ मध्ये नाशिक महापालिकेत १२२ पैकी ४० जागा मिळवून आपण महापौर बसवला. त्यानंतर २०१४ ला एक आमदार, २०१९ ला एक, आणि २०२४ ला एकही नाही. माहीममध्ये खुद्द आपले चिरंजीव अमितजी तिसऱ्या क्रमांकावर राहिले. या काळात आपल्या सभांची गर्दी मात्र कमी झाली नाही. पैसा कमी पडला, मतं फुटली, यंत्रांत घोळ झाला, असं आपले समर्थक सांगतात. पण २००९ मध्येही पैसा समोरच्यांकडेच जास्त होता, आणि तेव्हाची शिवसेना एकसंध आणि आजच्यापेक्षा कितीतरी बळकट होती. तरीही १३ आले. त्यामुळे ही कारणं पुरेशी वाटत नाहीत.

मला दिसतं ते असं. आपण जेव्हा जेव्हा सत्तेच्या दारात उभं राहून मागणी केलीत, तेव्हा मराठी माणूस मनापासून आपल्यामागे आला आणि बहुतेकदा मागणी पदरातही पडली. दुकानांवरच्या मराठी पाट्यांचंच घ्या. पक्षाने विषय वर्षानुवर्षं लावून धरला, २०२२ मध्ये कायदा बदलून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. उलट जेव्हा राग एखाद्या टॅक्सीवाल्यावर, फेरीवाल्यावर, परीक्षेला आलेल्या पोरावर निघाला, तेव्हा मूळ मागणी झाकली गेली. २००८ मध्ये रेल्वे भरतीतल्या अन्यायाचा प्रश्न अगदी रास्त होता. पुढे परीक्षा प्रादेशिक भाषांत देण्याची सोयही झाली. पण त्या आंदोलनातून देशाच्या लक्षात राहिली ती उमेदवारांना झालेली मारहाण. ज्या अधिकाऱ्यांनी मराठी मुलांना डावललं, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

यावर कार्यकर्ते म्हणतात, हात उचलल्याशिवाय कुणी ऐकत नाही. जूनमधल्या घटना याच्या उलट सांगतात. सरकार नमलं ते शिक्षक, पालक, साहित्यिक आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एका मोर्चासाठी एकत्र येऊ लागले म्हणून. मीरा रोडच्या दुकानदाराला मराठीवरून आपल्या कार्यकर्त्यांनी मारल्याचा व्हिडिओ देशभर फिरला तो त्यानंतर. त्या मारहाणीने मराठीच्या पदरात काही पडलं नाही. उलट पुढचा आठवडाभर सगळीकडे चर्चा चालली ती मराठीच्या दादागिरीची. वरळीच्या भाषणात आपण कार्यकर्त्यांना असे व्हिडिओ काढू नका म्हणून सांगितलंत. मारहाणच नको, एवढं स्पष्ट सांगितलं असतंत, तर आपल्याला मत देऊ की नको अशा विचारात असलेल्या कितीतरी लोकांना धीर आला असता.

अमिरातीत राहून हा प्रश्न फार स्पष्ट दिसतो. इथे मूळ नागरिक लोकसंख्येच्या जेमतेम दहा-बारा टक्के आहेत. आपली भाषा आणि आपल्या मुलांच्या नोकऱ्या यांची त्यांना वाटणारी काळजी मुंबईतल्या मराठी माणसापेक्षा कमी कशी असेल? त्यावर त्यांनी काय केलं? खासगी शाळांत अरबी सक्तीची केली, मग ती शाळा भारतीय अभ्यासक्रमाची का असेना. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांनी कुशल पदांवरच्या अमिरातींचं प्रमाण दर वर्षी दोन टक्क्यांनी वाढवायचं आणि २०२६ अखेर दहा टक्क्यांवर न्यायचं, असा नियम केला. नियम मोडला तर दंड कंपनीला होतो. तिथे काम करणाऱ्या सातारच्या किंवा सिवानच्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. याच देशात अबू धाबीच्या न्याय विभागाने २०१९ मध्ये अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदीचा वापर सुरू केला, कामगाराला न्यायप्रक्रिया समजावी आणि आपली तक्रार मांडता यावी म्हणून. त्यामुळे अरबी दुबळी झाली नाही. आम्ही स्वतः इथे परप्रांतीय आहोत. यजमानांच्या भाषेचा मान राखायला आमची हरकत नाही, आणि रस्त्यात अडवून कुणी आमची परीक्षा घेत नाही. मुंबईत आलेल्या माणसाकडूनही एवढीच अपेक्षा ठेवावी आणि त्यालाही एवढीच हमी मिळावी, असं म्हणणं मराठीच्या विरोधातलं कसं ठरेल?

इथे राजेशाही आहे, हुकूम निघाला की अंमल होतो, आपल्याकडे लोकशाही आहे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परक्या माणसाला इथे मत नाही आणि त्याला घरी पाठवणंही सोपं असतं, हेही विसरता येत नाही. म्हणून लोकशाहीतलं उदाहरण पाहू. तमिळनाडूत १९६५ चं हिंदीविरोधी आंदोलन किती पेटलं होतं आणि त्यात किती जीव गेले, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण द्रमुकला सत्ता त्या उद्रेकातून आपोआप मिळाली नाही. १९४९ मध्ये स्थापन झालेला तो पक्ष १९६२ मध्येच ५० आमदारांवर पोचला होता; १९६७ मध्ये १३७ आले आणि पुढच्याच वर्षी अण्णादुराईंनी द्विभाषा सूत्र लागू केलं. १९३८ मध्ये शाळांत हिंदी सक्तीची करणारे राजाजी १९६७ मध्ये द्रमुकच्याच आघाडीत होते. लढा धोरणाशी होता, म्हणून कालचा विरोधक सोबत येऊ शकला.

आता नाशिक. गोदापार्क, वनौषधी उद्यान, शस्त्रसंग्रहालय, इतकी कामं करूनही २०१७ मध्ये पाचच नगरसेवक आले, याची खंत आपण अनेकदा बोलून दाखवली आहे. ती समजते. पण निवडणुकीपूर्वी आपलेच कितीतरी नगरसेवक पक्ष सोडून गेले होते. नाशिककराने मत द्यायचं ते प्रभागातल्या माणसाला, आणि तो माणूसच आपल्याकडे उरला नव्हता. त्यात पक्षाची दिशा दर निवडणुकीला बदलत गेली. २०१४ मध्ये मोदींना पंतप्रधान करा, २०१९ मध्ये त्यांच्याच विरोधात ‘लाव रे तो व्हिडिओ’, २०२० मध्ये भगवा झेंडा, २०२२ मध्ये मशिदींवरचे भोंगे, २०२४ च्या पाडव्याला पुन्हा मोदींना बिनशर्त पाठिंबा आणि त्याच वर्षीच्या विधानसभेला स्वबळ. प्रत्येक वळणाची कारणं आपण भाषणात पटवून दिलीत, आणि ती त्या त्या वेळी आम्हाला पटलीही. पण मत पाच वर्षांसाठी द्यायचं असतं. महाराष्ट्राच्या विकासाचा आराखडाही आला तो सप्टेंबर २०१४ मध्ये, मतदान १५ ऑक्टोबरला होतं. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली, तो वाचायला लोकांना तीन आठवडे मिळाले.

याउलट बाळासाहेबांच्या काळातली शिवसेनेची स्थानीय लोकाधिकार समिती आपण जवळून पाहिली आहे. बँका, विमा कंपन्या, एअर इंडिया अशा आस्थापनांत ती भरतीच्या जाहिरातींवर नजर ठेवायची, मुलांकडून परीक्षेची तयारी करून घ्यायची आणि व्यवस्थापनाला जाब विचारायची. मोर्चेही निघत, पण ते मुख्यालयावर. तिच्यामुळे नोकरीला लागलेल्या माणसाचं घर शिवसेनेशी जोडलं गेलं. मराठीच्या नावाने मत मागण्याची याहून भक्कम रीत मला माहीत नाही.

आम्ही दूर बसून सल्ले देतो, असं कुणी म्हणेल. परदेशस्थ भारतीयाला मतदार म्हणून नोंदणी करता येते, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं, त्यामुळे आमच्यापैकी फार थोडे मतदान करतात. तरी अमिरात आम्हाला नागरिक करून घेणार नाही. आमची घरं, आईवडील आणि म्हातारपण महाराष्ट्रातच आहे. म्हणून एक मागणी करतो. स्थानिकांना ८० टक्के रोजगार देण्याची तरतूद महाराष्ट्राच्या औद्योगिक धोरणात आहे. सर्व शाळांत मराठी सक्तीने शिकवण्याचा कायदा २०२० पासून आहे. महापालिकेच्या प्रचाराचा पहिला नारळ फोडण्याआधी मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिक इथल्या किती कारखान्यांनी आणि शाळांनी हे पाळलं, याची प्रभागवार यादी आपल्या शाखांकडून तयार करून घ्या, ती प्रसिद्ध करा, आणि तिच्यावर सही करणाऱ्या शाखाध्यक्षालाच उमेदवारी द्या. माहितीचे अर्ज भरणं, तक्ते तयार करणं, कागदपत्रं तपासणं ही कामं इथून करायला आम्ही तयार आहोत.

आपला,
दुबईस्थित एक मराठी समर्थक