करंट लिमिट पाळूनही चिप का जळते?

डेटाशीटच्या पहिल्या पानावर ‘करंट लिमिट, थर्मल शटडाऊन’ वाचलं की आपली सॉफ्टवेअरवाली मंडळी निर्धास्त होतात. पॉवर ऑप-अँप आणायचा, मोटर जोडायची, की झाला ड्रायव्हर! माझ्या मते ते शटडाऊन म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅमभोवती घातलेला एकच ट्राय-कॅच. असावा जरूर, पण त्याच्या भरवशावर डिझाईन करू नये.

साधा हिशोब बघा. सप्लाय ±२४ व्होल्ट, डीसी मोटरचा रेझिस्टन्स २ ओहम, करंट लिमिट ३ अँपिअर. मोटर मजेत फिरतेय, आउटपुटला १८ व्होल्ट, करंट १ अँपिअर. वरच्या ट्रान्झिस्टरवर उरतात ६ व्होल्ट, म्हणजे ६ वॅट. हीटसिंक नुसता कोमट.

आता तुमच्या कोडने फर्मान काढलं, उलटी फिर! मोटर अशी लगेच थोडीच थांबते? तिचा बॅक ईएमएफ अजून १६ व्होल्ट आहे, आणि क्षणभर तीच जनरेटर होऊन बसते. करंट लिमिट इमानदारीत ३ अँपिअरवर थांबतं. मोटरच्या आत ६ व्होल्ट जातात, आउटपुट १० व्होल्टवर अडकतं. खालच्या ट्रान्झिस्टरवर १० पासून उणे २४ पर्यंत, म्हणजे ३४ व्होल्ट. गुणिले ३, झाले १०२ वॅट! लिमिट पाळलंय बरं का. जंक्शन ते केस २.५ अंश प्रति वॅट धरा, म्हणजे जंक्शन केसपेक्षा २५५ अंश वर जायला बघणार.

म्हणून लिमिट ठरवताना मोटरला किती करंट लागतो इथून सुरुवात करू नका. आधी ट्रान्झिस्टरवर जास्तीत जास्त किती व्होल्ट येतील ते काढा, मग डेटाशीटमधल्या सेफ ऑपरेटिंग एरियाच्या आलेखावर त्या व्होल्टेजला किती करंट चालतो ते वाचा. हे पान सगळे उलटून पुढे जातात, का ते देव जाणे. (बॉब विडलर यांनी १९८० च्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टरसाठी केलेल्या एलएम१२ मध्ये पॉवर ट्रान्झिस्टरच्या आतलंच कमाल तापमान आवरायची सोय होती. ती चिप आता बनत नाही.)

शटडाऊनची आणखी एक गंमत. आउटपुट एकदम बंद झालं की कॉइलमधला करंट जाणार कुठे? तो आउटपुटला सप्लायच्याही पलीकडे ढकलतो. त्यासाठी आउटपुटपासून दोन्ही सप्लायना उलटे जोडलेले दोन फास्ट डायोड हवेत, १एन४००७ नको. पण डायोडमधून आलेली ऊर्जा साधा रेक्टिफायरवाला सप्लाय परत घेऊ शकत नाही. कपॅसिटर फुगत जातो, व्होल्टेज चढतं. म्हणून चिपच्या पायांजवळ मोठा कपॅसिटर आणि सप्लायवर टीव्हीएस किंवा दणकट झेनर. सगळं मिळून चिपपेक्षा स्वस्तच पडतं.

कोडमध्ये मोटर हळूहळू उलटवणं फुकट आहे, जरूर करा. पण कंट्रोलर अधेमधे रीसेट झाला तर?

आणि जळलेला आउटपुट ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा शॉर्ट होतो. मोटरला थेट २४ व्होल्ट, पूर्ण वेग, आणि तुमचा स्टॉप कमांड ऐकायला कोणी नाही. लिमिट स्विच कंट्रोलरच्या पिनला जोडून इथे उपयोग नाही, तो मोटरच्या वायरमध्येच हवा. सोबत एक फ्यूज. तो चिपला वाचवणार नाही, तेवढा वेगवान नसतो. त्या यंत्रात ज्याचा हात असेल त्याच्यासाठी आहे तो.